शुगरवाले आले

वॉर्डात आम्हाला 'शुगरवाले' म्हणतात. हाडांच्या वॉर्डात पाऊल टाकलं की काउंटरवरची सिस्टर मान वर न करताच ओरडते, "आले शुगरवाले! आधी बारा नंबर बघा, रात्रभर तीनशेच्या खाली यायचं नाव नाही." या हाकेत कौतुक किती आणि वैताग किती, हे अकरा वर्षांत मला उमगलेलं नाही. दोन्ही असणार. आम्ही आलो की तिच्या डोक्यावरचं एक ओझं उतरतं आणि हातावर दोन नवी कामं पडतात.

मी नर्स आहे. सहा वर्षं सर्जरीच्या वॉर्डात तिन्ही पाळ्या केल्या, मग मधुमेहाचं वेगळं प्रशिक्षण घेतलं आणि या टीममध्ये आले. टीम म्हणजे काही फौजफाटा नाही. एक एन्डोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे मधुमेह आणि हार्मोन्सचे तज्ज्ञ डॉक्टर, आम्ही दोघी नर्स, एक आहारतज्ज्ञ आणि दिवसातले काही तास मिळणारा फार्मासिस्ट. पायाची जखम असली तर सर्जन आणि पायांचे तज्ज्ञ येऊन मिळतात. आम्हाला स्वतःचा वॉर्ड नाही, बेड नाहीत. आमचे पेशंट सगळ्या मजल्यांवर विखुरलेले, त्यामुळे दिवसभर लिफ्टची वाट बघणं हाही कामाचा मोठा भाग. (खाली पेशंटबद्दल जे लिहिलंय त्यात ओळख लागेल असे तपशील बदलले आहेत.)

विखुरलेले का, तर निव्वळ मधुमेहासाठी फार कमी माणसं ॲडमिट होतात. माणूस येतो तो मांडीचं हाड मोडलं म्हणून, न्यूमोनिया झाला म्हणून, पित्ताशय काढायचंय म्हणून. मधुमेह त्याच्याबरोबर सामानाच्या पिशवीसारखा येतो, आणि पिशवी जशी बेडखाली सरकवून दिली जाते तसंच त्याचंही होतं. इंग्लंडमध्ये रुग्णालयांतल्या मधुमेही पेशंटांची देशव्यापी पाहणी बरीच वर्षं होत होती. तिच्यात साधारण सहा बेडमागे एका बेडवर मधुमेही माणूस सापडायचा, आणि तिथेही बहुतेक जण दुसऱ्याच कुठल्या तरी आजारासाठी आलेले.

मग ही शुगर कोणाची? हाडांचे डॉक्टर हाड बघतात, आणि त्यांनी तेच बघावं. भूलतज्ज्ञाला शुगर हवी असते ती ऑपरेशनपुरती. रात्रीच्या रेसिडेंटला, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला, फोन जातो तेव्हा आकडा ३४० असतो, त्याच्यापुढे आणखी तीस पेशंट असतात, आणि तो केसपेपरवर दोन शब्द लिहून मोकळा होतो: स्लायडिंग स्केल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्लायडिंग स्केल म्हणजे एक तक्ता. शुगर मोजायची आणि आकड्याप्रमाणे इन्सुलिन द्यायचं. दोनशेच्या वर इतके युनिट, अडीचशेच्या वर तितके, दीडशेच्या आत असली तर काहीच नाही. दिसायला सोपा. पण तो शुगर वाढेपर्यंत थांबतो आणि वाढल्यावर तिच्यामागे पळतो. बैल गेला आणि झोपा केला, त्यातला प्रकार. सकाळी १४० म्हणून इन्सुलिन दिलं नाही, दुपारी ३१० म्हणून भरपूर दिलं, रात्री ६०, म्हणून ग्लुकोज पाजलं, पहाटे परत २८०. चार्टवरची रेघ करवतीसारखी दिसते.

त्याऐवजी दिवसभर मंद काम करणारं बेसल इन्सुलिन रोज ठरल्या वेळी आणि प्रत्येक जेवणाबरोबर थोडं झटपट काम करणारं, अशी विभागणी केली तर काय होतं, हे २००७ मध्ये 'रॅबिट-२' नावाच्या चाचणीत तपासलं गेलं. टाइप २ चे, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनतं पण पुरत नाही असे, १३० पेशंट, ऑपरेशनवाले कोणी नाहीत. विभागून इन्सुलिन दिलेल्या गटात ६६ टक्के लोकांची शुगर १४० च्या आत आली, तक्त्यावर ठेवलेल्या गटात ३८ टक्क्यांची. हे छापून येऊन किती वर्षं झाली! तरी मी अजून आठवड्यातून चार वेळा कोणाच्या तरी केसपेपरवर नुसता तक्ता खोडते. रेसिडेंटचा रागही येत नाही. रात्री दोन वाजता तक्ता लिहायला दहा सेकंद लागतात. विभागून डोस काढायचा तर वजन, किडनीचे रिपोर्ट, घरचा डोस, माणूस जेवतोय की नाही, इतकं सगळं बघावं लागतं. त्या वेळी ते कोण बघणार?

टाइप १ च्या पेशंटच्या बाबतीत मात्र मी राग आवरत नाही. त्याच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ नसतंच. शुगर १३० आहे, शिवाय ऑपरेशनसाठी उपाशी आहे, म्हणून त्याचं बेसल कोणी बंद केलं तर काही तासांत कीटोन, म्हणजे चरबी जळून रक्तात साचणारी आम्लं, चढायला लागतात. उपाशी असला तरी त्याला बेसल लागतंच, गरजेप्रमाणे डोस थोडा कमी होईल इतकंच. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की माझी सहकारी ते माझ्या आवाजात म्हणून दाखवते.

आता सात नंबरच्या काकांची गोष्ट.

वय सत्तरच्या आसपास, खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले. सिस्टर म्हणाली, "यांचं काही कळत नाही हो. घरी रात्रीचे ४२ युनिट घेतात आणि तरी सकाळची शुगर अडीचशे. म्हणून आम्ही तेवढेच दिले, एक युनिट जास्त नाही. तर पहाटे ५२!" रेसिडेंटने डोस एकदम निम्म्यावर आणून ठेवला होता. बरोबरच केलं त्याने. पण घरी जो डोस पुरत नव्हता तो इथे उतू का गेला, हा प्रश्न उरतच होता. जेवण कमी जात होतं हे खरं, पण नुसत्या तेवढ्याने अडीचशेचे ५२ होत नाहीत.

मी काकांना विचारलं, "इंजेक्शन कुठे घेता?"

"पोटात. जिथे घ्यायला सांगितलंय तिथेच."

"दाखवता का मला?"

त्यांनी शर्ट वर केला. नुसतं बघून काही कळलं नसतं. खिडकीचा उजेड तिरका पडत होता म्हणून बेंबीच्या दोन्ही बाजूंना किंचित फुगवटा दिसला. मी हात लावला. बोटांखाली रबरासारखं काही तरी लागलं. आजूबाजूची कातडी चिमटीत येत होती, तेवढा भाग येत नव्हता. डावीकडचा उंचवटा माझ्या अंगठ्याएवढा आणि उजवीकडचा त्याहून मोठा.

"तिथे दुखत नाही," काका म्हणाले. "म्हणून तिथेच घेतो. बाकी कुठे टोचलं की झोंबतं."

दुखत नाही हीच तर मेख आहे. एकाच जागी वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचलं की तिथली चरबी जाड होते, गाठीसारखी होते. सुई बोथट झालेली, पुन्हा पुन्हा वापरलेली असेल तर जास्तच. तिथली जाणीव कमी होते, म्हणून माणसाला ती जागा प्रिय होते. पण त्या गाठीतून इन्सुलिन रक्तात कसंही उतरतं. आज थोडं, उद्या बरंच, कधी उशिरा. शुगर वाढलेली दिसते, डॉक्टर डोस वाढवतात, काका वाढलेला डोस त्याच गाठीत टोचतात. असं करत करत ४२ पर्यंत चढलेला तो आकडा होता. इथे वॉर्डातल्या सिस्टरने मांडीच्या स्वच्छ, मऊ कातडीत टोचलं आणि ४२ च्या ४२ युनिट्सनी प्रामाणिकपणे काम केलं.

यात कोणाचीच चूक नव्हती. सिस्टरने केसपेपर पाळला, रेसिडेंटने घरचा डोस लिहिला, काकांनी पोटात घ्यायचं तर पोटात घेतलं. पोटाला हात लावायचं काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं. माझ्या दृष्टीने आमच्या टीमचं निम्मं काम हे एवढंच आहे: जे कोणाच्याच वाट्याला आलेलं नाही ते करणं. पोट चाचपणं. मोजे काढणं. सुई उघडून बघणं. जेवणाचं ताट परत गेलं तर त्यात किती उरलंय ते झाकण उचलून बघणं.

मोज्यांचंही थोडं सांगते. मधुमेहात पायाच्या नसा बधिर झालेल्या असल्या तर टाचेखाली जखम होतेय हे माणसाला कळत नाही, आणि बेडवर सरळ पडून राहिलं की सगळा भार टाचेवर येतो. पेशंट बरा व्हायला येतो फुप्फुसाच्या आजारातून आणि घरी जाताना टाचेची जखम घेऊन जातो. म्हणून ॲडमिट झाल्या दिवशी दोन्ही मोजे उतरवून, बोटांच्या बेचक्यांत डोकावून, दहा ग्रॅम दाब देणारा तो नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून "लागतंय का?" विचारायचं. पाच मिनिटं लागतात. गरज वाटली तर टाच उशीवर अधांतरी ठेवायची. या कामाला फार अक्कल लागत नाही, वाकावं लागतं. माझे गुडघे आता कुरकुरतात ती गोष्ट वेगळी.

मोजणं, टोचणं आणि जेवणं यांच्या वेळांचं, म्हणजे घड्याळाचं, मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे मी स्वतः आपटले होते.

तेव्हा मी या टीममध्ये नव्हते, एका दुसऱ्या रुग्णालयात सर्जरीच्या वॉर्डात होते. सकाळची पाळी, अठ्ठावीस पेशंट, आम्ही तिघी. एका मध्यमवयीन बाईंची जेवणाआधीची शुगर साडेअकराला मोजली, १९० आली. बाराला जेवण येतं म्हणून मी पावणेबाराला झटपट काम करणारं इन्सुलिन दिलं, सही केली आणि पुढच्या बेडकडे गेले. त्या दिवशी ताटांची गाडी उशिरा आली. दरम्यान सोनोग्राफीतून बोलावणं आलं आणि मामा त्यांना खुर्चीवर बसवून खाली घेऊन गेले. त्यांचं ताट आलं, टेबलावर झाकून ठेवलं गेलं. सोनोग्राफीच्या बाहेर रांग होती.

हे इन्सुलिन टोचल्यापासून साधारण पंधरा मिनिटांत काम सुरू करतं आणि एक-दोन तासांत त्याचा जोर शिगेला पोहोचतो. ताट, रांग, लिफ्ट यांच्याशी त्याला देणंघेणं नाही. सव्वा वाजता खालून फोन आला, "तुमच्या पेशंट काही तरीच बोलतायत." मी धावत गेले. कपाळावर घामाचे थेंब, हात गार, डोळे माझ्याकडे पण माझ्यावर नाहीत. मीटरवर ४४. गिळता येत होतं म्हणून ग्लुकोजचं पाणी घोटाघोटाने पाजलं, पंधरा मिनिटांनी परत मोजलं, ७८. आणखी थोडं दिलं, वर आणून जेवू घातलं. त्या ठीक झाल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "तुम्ही घाबरला होतात नं? तुमचा हात माझ्यापेक्षा गार होता."

चौकशी झाली. कागदावर सगळं बरोबर होतं. मोजलं, दिलं, सही आहे. वेळाही जवळपास ठरल्याप्रमाणे. पण मोजणं, टोचणं आणि जेवणं ही तीन कामं तीन वेगळ्या खात्यांच्या तीन वेगळ्या घड्याळांवर चालली होती, आणि त्यांची गाठ घालून द्यायची जबाबदारी कोणावर लिहिलेली नव्हती. माझी चूक होतीच. ताट डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोचायला नको होतं. आज कोणी नवीन सिस्टर असं करताना दिसली तर मला पहिल्यांदा ती सोनोग्राफीची रांग आठवते आणि आवाज आपोआप खाली येतो.

आता जिथे काम करते तिथे आम्ही मधुमेहाच्या पेशंटची ताटं वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीने ओळखू येतील अशी केली. त्यापुढची कल्पना टीममधल्या कोणाचीच नव्हती, गाडी ढकलणाऱ्या मामांची होती. ते लिफ्टमधून बाहेर आले की गाडीच्या दांड्यावर चमचा दोनदा वाजवतात. तो आवाज आला की सिस्टर मीटर उचलते. मोजायचं, टोचायचं, ताट पुढ्यात. यावर कुठेही परिपत्रक निघालेलं नाही. मामा रजेवर गेले की आमच्याकडे हायपोचे, म्हणजे शुगर फार खाली गेल्याचे, फोन वाढतात असं मी गमतीने म्हणते. गमतीनेच म्हणते, मोजून बघितलेलं नाही.

मोजण्याचंही एक. बोट धुतल्याशिवाय थेंब घेऊ नये. पेशंटने नुकतंच फळ सोललेलं असेल तर बोटावरची साखर थेंबात मिसळते आणि मीटर भलताच आकडा दाखवतो. २९० बघून इन्सुलिन देण्याआधी हात धुवून परत मोजलं आणि १५५ आलं, असं माझ्यासमोर झालंय.

नातेवाईक मला हमखास विचारतात, "सिस्टर, शुगर १६५ आहे, नॉर्मल का नाही आणत?" रास्त प्रश्न आहे. एके काळी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेन इथे सर्जिकल आयसीयूतल्या पेशंटांची शुगर ८० ते ११० च्या घट्ट चौकटीत ठेवून बघितली आणि मृत्यू कमी झाले. जगभरच्या आयसीयूंनी तो कित्ता गिरवायला घेतला. मग २००९ मध्ये 'नाइस-शुगर' नावाच्या सहा हजारांवर पेशंटांच्या चाचणीचा निकाल आला आणि पारडं फिरलं. घट्ट चौकटीत ठेवलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के दगावले, शुगर १८० पर्यंत चालवून घेतलेल्या गटात २४.९ टक्के. शुगर धोकादायक खाली घसरण्याचे प्रसंगही घट्ट गटातच कितीतरी जास्त. तेव्हापासून रुग्णालयातल्या बहुतेक पेशंटांची शुगर १८० पर्यंत असली तर ठीक मानली जाते. त्यामुळे १६५ बघून मी खरंच खूश असते, पण हे बेडशेजारी उभं राहून समजावताना समोरच्याच्या चेहऱ्यावर "यांना जमत नाही म्हणून सबबी सांगतायत" असे भाव स्पष्ट वाचता येतात.

फार्मासिस्टबद्दल लिहिलं नाही तर तो वाचून नाराज होईल. गेल्या वर्षी त्याने एक पेशंट वाचवला असं मी म्हणते, तो म्हणतो नुसती गोळ्यांची यादी वाचली. बाईंचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्या दिवशी उलट्या, दम लागतोय. शुगर १९०, म्हणून मधुमेहाकडे कोणाचं लक्ष नाही. त्याने बाईंनी घरून आणलेल्या गोळ्यांच्या पाकिटांत एम्पाग्लिफ्लोझिन बघितली. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. उपास, ऑपरेशन, आजारपण अशा वेळी ती चालू असली तर शुगर फारशी न वाढताही रक्तात कीटोन साचून आम्लता वाढू शकते. म्हणून ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ती बंद करायची असते. बाईंनी ऑपरेशनच्या सकाळपर्यंत घेतली होती, कारण "शुगरची गोळी चुकवायची नाही" असं त्यांना पक्कं ठाऊक होतं. कीटोन तपासले, वाढलेले होते. त्या आयसीयूत गेल्या, इन्सुलिन आणि ग्लुकोजचं सलाइन लागलं आणि चार दिवसांनी चालत परत आल्या.

स्टेरॉइडची गोष्ट इतकी रोजची आहे की थोडक्यात आटपते. दम्यासाठी सकाळी प्रेडनिसोलोन दिलं की शुगर दुपारनंतर उसळते आणि पहाटेपर्यंत उतरते. फक्त सकाळची उपाशीपोटीची शुगर बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं. संध्याकाळी मोजा, एवढंच आमचं सांगणं.

टीम, टीम म्हणून उदो उदो करायचा मोह होतो तेव्हा मी इन्सुलिनचा जन्म आठवते. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. औषध पुरेसं शुद्ध नव्हतं, फारसा उपयोग झाला नाही. टीममधले जीवरसायनशास्त्रज्ञ कॉलिप यांनी ते शुद्ध करून दिलं आणि २३ तारखेला पुन्हा टोचलं तेव्हा गुण आला. बॅन्टिंग, बेस्ट, मॅक्लाउड, कॉलिप, इन्सुलिनवर काम करणाऱ्या या चौघांशिवाय हे झालं नसतं, आणि चौघांचं आपसात पटत होतं असं कोणी म्हणणार नाही. १९२३ चं नोबेल बॅन्टिंग आणि मॅक्लाउड यांना मिळालं. बॅन्टिंग यांनी आपल्या वाट्याचे पैसे बेस्टबरोबर वाटून घेतले, मॅक्लाउड यांनी कॉलिपबरोबर. आमच्या मीटिंगमध्ये आहारतज्ज्ञ आणि डॉक्टरांची जुंपते तेव्हा मला हे आठवून बरं वाटतं. मला त्याच काळातली दुसरी माणसं जास्त जवळची वाटतात. बॉस्टनच्या डॉ. जॉस्लिन यांनी पेशंटला शिकवायचं काम नर्सेसना दिलं. त्या घरोघरी जाऊन इन्सुलिन कसं घ्यायचं, लघवी कशी तपासायची ते शिकवायच्या. त्यांना भटक्या नर्स म्हणत. 'शुगरवाले'पेक्षा हे नाव किती छान!

शिकवणं हाच कामाचा असा भाग आहे की ज्याला वेळ लागतो आणि जो नेमका डिस्चार्जच्या गडबडीत येतो. बिल तयार, गाडी खाली उभी, आणि कोणी तरी सांगतं, "सिस्टर, यांना इन्सुलिनचं पेन समजावून द्या पटकन." एका आजींना समजावलं होतं पटकन, आमच्याच टीमने. महिनाभराने त्या परत आल्या, शुगर चारशे. मी म्हटलं, "आजी, माझ्यासमोर घेऊन दाखवा." त्यांनी सुई लावली, बाहेरची मोठी टोपी काढली, आकडा फिरवला, पोटावर टेकवून बटण दाबलं, मनात दहा आकडे मोजले, सगळं झकास. फक्त सुईवरची आतली छोटी टोपी तशीच होती. महिनाभर रोजचं इन्सुलिन टोपीत जात होतं. "ओलं लागायचं खरं," आजी म्हणाल्या. त्या दिवसापासून आमचा नियम झाला: आपण दाखवायचं नाही, पेशंटकडून करून घ्यायचं, आणि ॲडमिट झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून करून घ्यायचं.

तज्ज्ञ टीम असण्याचा एक तोटाही आहे आणि तो आमच्या डॉक्टरांशी मी वरचेवर बोलते. आम्ही येतो म्हटल्यावर वॉर्ड हात काढून घेतो. "शुगरवाल्यांना विचारा." हायपो झाला तर ग्लुकोज द्यायलाही आमच्या फोनची वाट बघितली गेल्याचं एकदा घडलं, तेव्हा मला आमच्या असण्याचीच भीती वाटली. कारण शनिवार-रविवार आम्ही नसतो. मधुमेहाला सुटी नसते, आम्हाला असते. शुक्रवारी दुपारी मी प्रत्येक पेशंटच्या केसपेपरवर "असं झालं तर असं करा" लिहून ठेवते आणि सोमवारी येऊन बघते, तर निम्म्या ठिकाणी ते कोणी वाचलेलं नसतं. म्हणून आता लिहिणं कमी केलंय आणि वॉर्डातल्या एकेका सिस्टरला बरोबर घेऊन फिरणं वाढवलंय. तिच्या हाताने पोट चाचपायचं, तिने डोस सुचवायचा, मी गप्प बसायचं. गप्प बसणं मला जड जातं, घरचेही सांगतील.

सात नंबरचे काका १८ युनिटवर घरी गेले, रोज नव्या सुईने आणि रोज बोटभर जागा सोडून. जाताना कुरकुरले की नव्या जागी झोंबतं. झोंबणार, मी म्हटलं.

परवा शुक्रवारी मी पर्स उचलून निघाले होते आणि हाडांच्या वॉर्डातून फोन आला. काउंटरवरची तीच सिस्टर, मान वर न करणारी. "तीन नंबरला नवीन बाई आल्यात. घरी ५० युनिट घेतात. मी पोट चाचपलं, उजवीकडे मोठी गाठ आहे. मांडीत द्यायचं आणि डोस कमी करायचा असं डॉक्टरांना सांगून लिहून घेतलंय, पहाटे तीनलाही मोजायला सांगितलंय रात्रीवालीला. तुम्ही यायची गरज नाही."

"मग फोन कशाला केलास?"

"सोमवारच्या यादीत नाव घाला. विसराल नाहीतर."